तिची चौकशी करा आणि रोस्टरही बदला

प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली चालू प्रणाली, पडलं की चांगली सॉफ्टवेअर टीम काय करते, हे या क्षेत्रात थोडी वर्षं काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आधी सेवा पूर्ववत करायची. मग एक-दोन दिवसांत सगळ्यांनी बसून घटनाक्रम लिहायचा: पहिला अलार्म किती वाजता आला, कुणी काय पाहिलं, कुठला अलार्म वाजायला हवा होता आणि वाजलाच नाही. 'अमक्याने चुकीची कमांड मारली' या वाक्यावर तिथे कुणी थांबत नाही. ती कमांड एकट्या माणसाला इतक्या सहज मारता कशी आली, दुसऱ्या कुणाची संमती का लागली नाही, हे विचारलं जातं. या तपासणीला आम्ही ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतो. विमान वाहतूक आणि रुग्णालयांमधल्या सुरक्षेच्या अभ्यासातून आलेला हा विचार एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये त्याबद्दल लिहिल्यानंतर सॉफ्टवेअरच्या जगात चांगलाच रुजला. आमच्या व्यवसायातली ही मला सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

याच टीममधली एखादी मुलगी खचू लागते तेव्हा मात्र वेगळंच घडतं. ती स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, दोन वाक्यांत आटोपतं घेते. इतरांच्या कोडवर जिचे शेरे परिच्छेदभर असायचे, ती आता नुसती मंजुरी देऊन मोकळी होते. दुपारच्या बैठकीत तिचं लक्ष नसतं आणि रात्री दोन वाजता तिचे कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, दिसतात. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळतात. घरी काही बिनसलंय का? ही पूर्वीसारखी राहिली नाही. जरा सुट्टी घे म्हणावं. एचआर एखाद्या वेबिनारची लिंक पाठवतं. हे सगळं आपुलकीपोटी होतं, याबद्दल मला शंका नाही. पण घटनाक्रम कुणी लिहीत नाही. गेल्या दोन महिन्यांत पेजरने, म्हणजे बिघाड झाला की वाजणाऱ्या अलार्मने, तिला किती रात्री उठवलं, तिचं कोणतं काम दुसऱ्याच्या नावाने सादर झालं, शेजारची सहकारी नोकरी सोडून गेली तेव्हा तिच्याकडचं काम कुणाच्या अंगावर आलं, याची नोंद कुठेच होत नाही. सर्व्हरसाठी जी शिस्त आपण अंगी बाणवली आहे, ती आपल्याबरोबर काम करणाऱ्या बाईसाठीही वापरावी, हे मला मनापासून सांगायचं आहे.

मी आधी डेव्हलपर होते, आता टीम सांभाळते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं होत गेलं आहे की बर्नआउट, म्हणजे कामाने पार खचून जाणं, एखाद्या व्यक्तीच्या मनात सुरू होत नाही. ते कामाच्या मांडणीत सुरू होतं आणि शेवटी मनात दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ चाललेल्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून निर्माण होणारी स्थिती असं त्याचं वर्णन केलं. थकून गळून जाणं, कामाविषयी मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली ती जवळपास याच तीन अंगांवर. कामातून आलेल्या गोष्टीवर कामातच उपाय शोधायला हवा, इतकं ते सरळ आहे.

तरीही कंपन्यांचा पैसा आणि उत्साह जातो तो माणसाला 'कणखर' करण्याकडे. ऑक्सफर्डमधले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, माइंडफुलनेसचे वर्ग, झोपेची आणि मन:शांतीची ॲप्स यांत भाग घेतलेले लोक, भाग न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले नाहीत. अपवाद होता तो स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांचा. हा अभ्यास एका वेळी घेतलेल्या माहितीवर आधारलेला आहे, त्यामुळे त्यावरून शेवटचा निवाडा देता येत नाही. ध्यानाने ज्यांना बरं वाटतं त्यांनी ते जरूर करावं, मीही करते. पण ज्या मुलीला आठवड्यातून तीनदा पहाटे उठावं लागतं, तिला झोपेचं ॲप देणं ही मदत नव्हे.

आता बायकांविषयी. ताण पुरुषांनाही येतो, आणि मांडणी सुधारली तर भलं सगळ्यांचंच होतं. पण काही गोष्टी बायकांच्या वाट्याला वेगळ्या येतात. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की एखाद्या गटात ज्यांचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आत असतं, त्यांच्यावर सतत प्रकाशझोत राहतो. त्यांची चूक साऱ्या जमातीची चूक ठरते. प्रणालीच्या रचनेच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या, चर्चेला बारा जणांत एकटी बसलेली बाई बोलण्याआधी वाक्य मनात तीनदा घोळवते, ते भित्री आहे म्हणून नाही. आपण चुकलो तर पुढे येणाऱ्या मुलीचीही वाट अवघड होईल, हे तिला कळत असतं. दिवसभर असं स्वतःवर पहारा ठेवून काम करण्याला शक्ती लागते, आणि ती टाइमशीटमध्ये भरता येत नाही.

या पहाऱ्यातून आलेल्या शंकेला हल्ली झटकन 'इम्पोस्टर सिंड्रोम'चं, म्हणजे आपण लायक नसून तोतये आहोत असं वाटण्याचं, लेबल लावतात. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांशी बोलून ही भावना पहिल्यांदा टिपली. पुढे ती पुरुषांतही सापडली. भावना खरी आहे. पण प्रत्येक वेळी तिचं मूळ त्या बाईच्या बालपणात शोधण्याआधी तिच्या इनबॉक्समध्ये काय येतं ते पाहावं, असं मला वाटतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या लाखो पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल कोडमध्ये घ्या' अशा विनंत्या, तपासल्या होत्या. एकूणात बायकांचे बदल जवळपास ७९ टक्के वेळा स्वीकारले गेले होते आणि पुरुषांचे जवळपास ७५ टक्के वेळा. मात्र जिथे प्रकल्पातले लोक त्या व्यक्तीला ओळखत नव्हते आणि प्रोफाइलवरून ती बाई आहे हे कळत होतं, तिथे बायकांचं प्रमाण घसरून पुरुषांच्या खाली गेलं. असं असताना 'आपलं कोड खरंच बरं आहे ना?' अशी शंका तिला आली, तर ती तिच्या अनुभवातून आलेली असते.

अप्रेझलचे, म्हणजे कामाच्या वार्षिक परीक्षणाचे, कागद मी बरेच वाचले आहेत आणि लिहिलेही आहेत. किएरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये टेक क्षेत्रातल्या १८० जणांची २४८ परीक्षणं गोळा करून वाचली. नमुना लहान होता, पण त्यातला फरक डोळ्यांत भरणारा होता. टीका असलेल्या परीक्षणांत बायकांच्या ९४ पैकी ७१ कागदांवर स्वभावाविषयी नकारात्मक शेरा होता. पुरुषांच्या ८३ पैकी फक्त २ कागदांवर. मी एका जुन्या नोकरीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारीने तिचं परीक्षण मला वाचायला दिलं होतं. पेमेंटची अख्खी प्रणाली तिने वर्षभरात नव्याने उभी केली होती. कागदावर लिहिलं होतं, 'बैठकांमध्ये सूर जरा मवाळ ठेवावा.' तिने मला विचारलं, "म्हणजे मी नेमकं काय करू? कुठली बैठक? कुठलं वाक्य?" मॅनेजरला यातलं काही सांगता येत नव्हतं. पुढच्या कित्येक बैठकांत ती बोललीच नाही, आणि त्यानंतरच्या परीक्षणात 'पुढाकार कमी पडतो' असा शेरा आला. अशा शेऱ्यांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे ते मनात राहतात. माणूस रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्याशी वाद घालत राहतो.

तेव्हापासून परीक्षण लिहिताना मी एक पथ्य पाळते आणि टीममधल्या सगळ्यांना पाळायला लावते. स्वभावाविषयी शेरा लिहायचा असेल तर प्रसंग, तारीख आणि त्याचा कामावर झालेला परिणाम लिहायचा. तो लिहिता येत नसेल तर शेरा गाळायचा. आणि पाठवण्याआधी नाव बदलून वाचायचं: हेच वाक्य मी टीममधल्या एखाद्या पुरुषाबद्दल लिहिलं असतं का? याला कुठल्याही बजेटची गरज पडत नाही.

मला जिथे सर्वांत जास्त थांबायचं आहे ती गोष्ट म्हणजे बिननोंदीची कामं. बैठकीचे मिनिट्स कुणी घ्यायचे? नवीन आलेल्या मुलाच्या संगणकावर आमचं कोड चालू करून (बिल्ड लावून) कोण देणार? निरोप समारंभाची वर्गणी, इंटर्नचं वेळापत्रक, दोन सिनिअर भांडले की मधे पडून समजूत काढणं, मॅनेजरने झापलेल्या पोराला बाजूला घेऊन धीर देणं. ही सगळी कामं लागतात, त्यांच्याशिवाय टीम चालत नाही. पण बढतीच्या कागदात त्यांना रकाना नाही. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कामाचा करणाऱ्याला फायदा नाही अशा कामासाठी मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा पुढे आल्या. गट फक्त पुरुषांचा असला की तेच पुरुष पुढे येत होते, आणि काम होऊनच जात होतं. बाई खोलीत असली की ती करेल, अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि तिचीही. म्हणून 'नाही म्हणायला शिक' हा सल्ला मला अपुरा वाटतो. ती नाही म्हणाली की तिच्याबद्दलचं मत बिघडतं, आणि ते मत मग परीक्षणात उतरतं.

आम्ही स्वयंसेवक मागणंच बंद केलं. अशा कामांची यादी केली, ती सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवली आणि पाळी लावली, अगदी ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाडाला उत्तर द्यायला तयार राहण्याच्या, पाळीसारखी. सुरुवातीला कुरकुर झाली. एका सिनिअरने मिनिट्स इतके त्रोटक लिहिले की कुणालाच काही कळेना. त्याला ते पुन्हा लिहायला लावले आणि पुढच्या खेपेस त्याने नीट लिहिले. नवीन माणसाला शिकवण्याचं काम आम्ही स्प्रिंटमध्ये (दोनेक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यात) टिकीट, म्हणजे नोंदवलेलं काम, म्हणून घेऊ लागलो, त्याला गुण देऊ लागलो. टीममधल्या एका मुलीकडे या कामांत आठवड्याचा जवळपास एक दिवस जात होता, हे यादी केल्यावर दिसलं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. आपण मंद आहोत, म्हणून आपली टिकिटं उरतात, अशी तिची समजूत होती.

दुसऱ्यांचे राग-रुसवे सांभाळण्याचं जे काम यात येतं, त्याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी अभ्यास केला होता विमानातल्या सेविकांचा, ज्यांना हसतमुख राहण्याचा पगार तरी मिळत होता. आमच्याकडे तो आर्किटेक्टच्या पगारात गृहीत धरला जातो, आणि तेही बाई आर्किटेक्ट असली तरच.

रात्रीचा पेजर हा स्वतंत्र विषय आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचं जे सूत्र मांडलं ते ऑन-कॉलला तंतोतंत लागू पडतं: मागणी खूप आणि हातात अधिकार कमी, हे सर्वांत घातक. एकच फुटकळ अलार्म रोज रात्री वाजतो, तो बंद करायचा अधिकार तिला नाही, आणि त्यामागचा बग दुरुस्त करायला स्प्रिंटमध्ये जागा नाही. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि त्याचं रात्रीचं पाहणंही तिच्याकडे आहे, तिथे ती दोन पाळ्यांवर असते. मोडलेली झोप सलग काही आठवडे चालली की रडू येणं, चिडचिड, साधा निर्णय घेता न येणं हे कुणाचंही होईल. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्याय आहे. उपाय ठरलेले आहेत. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्यासाठी परवानगी मागावी लागू नये, ते गृहीत असावं. ज्याने अलार्म उचलला त्याला तो बदलण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार असावा. पाळी आधीच जाहीर असावी आणि अदलाबदलीचं कारण कुणी विचारू नये. मूल तापाने फणफणलं आहे की मासिक पाळीच्या वेदना होत आहेत, हे सांगितल्याशिवाय तिला ऑन-कॉलची पाळी बदलता यायला हवी.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: २०२१ मध्ये क्रिस्टन शॉकली यांच्या गटाने केलेल्या प्रयोगात कॅमेरा चालू ठेवल्याने थकवा वाढतो, आणि बायका व नव्याने रुजू झालेले यांच्यात तो जास्त वाढतो, असं दिसलं. कॅमेऱ्याची सक्ती काढून टाका.

हे सगळं नवीन काळाचं फॅड आहे असं कुणी म्हणालं की मी त्यांना स्टेफनी शर्ली यांच्याबद्दल सांगते. त्यांनी १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रीलान्स प्रोग्रामर्स ही कंपनी काढली ती मुलं झाल्यावर नोकरी सोडाव्या लागलेल्या प्रोग्रामर बायकांसाठी. बायका घरून काम करत, कागदावर प्रोग्राम लिहीत आणि तास आपल्या सोयीने ठरवत. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच बायकांनी केलं. कामाची पत्रं 'स्टीव्ह' अशी सही केल्यावर उत्तरं येऊ लागली, आणि फोनवर मुलांचा आवाज झाकायला त्या टंकलेखनाची टेप लावून ठेवत. बाईच्या आयुष्याभोवती काम रचता येतं हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं. पण त्या टेपची आठवण आली की मला वाईट वाटतं. मागे मूल रडत असताना म्यूटचं बटण घाईने शोधणाऱ्या किती तरी जणी मी आजही पाहते.

बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बाईकडे तर विशेष लक्ष द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात गरोदरपणात सुमारे १० टक्के आणि बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. आणि आमच्या क्षेत्रात काही महिन्यांत फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम ज्यावर उभारतात तो तयार सांगाडा, बदलतं, कोडच्या फांद्या, म्हणजे समांतर आवृत्त्या, बदलतात, तिचा प्रकल्प दुसऱ्याकडे गेलेला असतो. ती परत येते ते आपल्याला आता काहीच येत नाही या भीतीने. अशा वेळी 'काळजी करू नकोस, हळूहळू घे' असं म्हणून तिला बिनमहत्त्वाचं काम देणं हे मला दुष्टपणाचं वाटतं, हेतू कितीही चांगला असला तरी. तिला तिच्या तोलाचं, पण स्पष्ट सीमा असलेलं काम द्यावं. पहिले काही आठवडे एका सहकाऱ्याबरोबर जोडीने कोड लिहू द्यावं. परत येतानाच तिला विचारावं की रात्रीची पाळी कधीपासून चालेल, आणि तिचं उत्तर लिहून ठेवावं.

मांडणी कितीही सुधारली तरी काही जणी आजारी पडतील, हेही स्वीकारायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, आवडणाऱ्या गोष्टीतही रस राहिला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यासारखं आहे. मॅनेजरने वैद्य होऊ नये. त्याचं काम ओळखण्याचं, ऐकण्याचं आणि वाट मोकळी करण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मॅनेजरांना असं प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे. माझ्या अनुभवात 'कशी आहेस?' या प्रश्नाला 'ठीक' हेच उत्तर मिळतं. 'गेले काही आठवडे तू बैठकांत गप्प असतेस, रात्री उशिरापर्यंत जागी दिसतेस. तुझ्यावर काय काय येऊन पडलंय ते आपण दोघी बसून लिहूया का?' असं विचारलं की बोलणं सुरू होतं. जे ऐकलं ते तिच्या परवानगीशिवाय एचआरकडेही न्यायचं नाही, हे आधीच सांगावं. जिवाला धोका असेल तर मात्र गप्प राहता येणार नाही, हेही त्याच वेळी सांगावं.

आणि तिच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही आलं, तर सरळ विचारावं: आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. विचारल्याने तिचा एकटेपणा कमी होतो. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासातल्या माणसाला आणि तातडीची वैद्यकीय मदत देणाऱ्यांना त्याच वेळी फोन करायचा. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणं, थांबलं तरी चालेल.

आमच्या टीममधली एक जण अशा आजारपणानंतर काही काळापूर्वी कामावर परतली. ती आली तेव्हा तिच्या संमतीने आम्ही दोघींनी घटनाक्रम लिहिला, सुरुवातीला सांगितला तसाच. त्यात तीन गोष्टी निघाल्या: सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं काम कुणीच वाटून दिलं नव्हतं, एक निरुपयोगी अलार्म महिनोन् महिने वाजत होता, आणि तिमाही रिलीजच्या आठवड्यात तिची ऑन-कॉलची पाळी सलग दोनदा आली होती. पहिल्या दोन दुरुस्त झाल्या. तिसरीवर टीममध्ये एकमत नाही, कारण त्या आठवड्यात माणसं खरोखर कमी पडतात. पुढच्या रोस्टरच्या बैठकीत तिनेच प्रस्ताव मांडायचं ठरवलं आहे: रिलीजच्या आठवड्यात ज्याच्याकडे पेजर, त्याच्याकडे दुसरं एकही टिकीट नाही. विरोध होईल, आणि मी तिच्या बाजूने बोलणार आहे.